सरपंचाची म्हैस

"सगळीकडं दोनच घागरी?" मुदखेडचा लेखक माझ्या छापखान्यात उभा राहून विचारत होता. हातात आमच्या दिवाळी अंकाचा ताजा फर्मा. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्यातला पहिला दिवाळी अंक माझा निघावा, ही माझी जिद्द. नांदेडच्या साहित्यिकांनी मला कायम छापखानेवाला म्हटलं. संपादक एकानंही म्हटलं नाही. या लेखकाची कथा त्यांची तोंडं बंद करणार होती.

कथा दुष्काळातल्या सरपंचाची, त्याच्याच तोंडून. टँकरचं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं, म्हणतो. स्वतःच्या घरी किती घेतलं? आधी सांगतो दोन घागरी. पुढं होतात पाच. शेवटी भरात येऊन म्हैस धुतल्याचंही सांगून बसतो.

आमचे प्रूफरीडर म्हणजे रिटायर्ड गुरुजी. मी त्यांच्यावर ओरडलो. ते शांत.

"मालक, लेखकाच्या आकड्यांचा मेळच न्हाई. म्हणून सगळीकडं दोन केल्या. आता दोन घागरीत म्हैस कशी धुणार? म्हैस काढली."

"गुरुजी, त्यो लबाड हाय," लेखक कळवळला. "बोलता बोलता सापडतोय. तुम्ही त्याला संत केलात."

"मग तसं समासात लिहायचं होतं."

कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवायचं सोडून भिंतीला टेकून हसत होता. शेवटी मलाही आवरेना.

लेखक मात्र अडून बसला. फर्मा पुन्हा छापा, नाहीतर कथा परत द्या. दुसऱ्या दिवशी बायंडिंग. कागद मोजका. कथा गेली तर अंकात पुढाऱ्यांच्या शुभेच्छाच उरणार होत्या. पण फुकट ऐकणं माझ्या रक्तात नाही. कथेच्या शेवटी सरपंच गावासमोर रडून सगळं कबूल करत होता. ते मला पहिल्यापासून खुपत होतं.

"छापतो पुन्हा," मी म्हणालो. "म्हैस तुम्ही घ्या, रडणं मला द्या."

"रडणं काढलं तर लोकांना कळणार कसं?"

"गुरुजींना कळलं की. आकडे जुळत न्हाईत, हे त्यांनीच पकडलं ना?"

लेखकानं पेन काढून शेवटच्या ओळी खोडल्या. रडणं गेलं. अंक वेळेवर निघाला.

पुढं नांदेडला या कथेसाठी लेखकाचा सत्कार झाला. सगळ्यांनी शेवट वाखाणला. लेखक उठून म्हणाला, हा शेवट सापडायला सहा महिने लागले. भाषण रंगलं तसं सहा महिन्यांचं वर्ष झालं. माझं नाव कुठंच नाही. मी तिसऱ्या रांगेत धुमसत होतो. गुरुजी कानाशी वाकले.

"मालक, आधी सहा म्हैने, आता वर्ष. दुरुस्त करू का?"

"नको," मी म्हणालो. "बोलू द्या."

तेव्हापासून छापखान्यात नियम आहे. माणूस स्वतःबद्दल सांगत असेल, तर त्याच्या आकड्यांना हात लावायचा नाही.