हिरवी कुपी

कामठ्याहून हेमराजच्या थोरल्या बहिणीचा, सुशीलाताईंचा फोन आला. "गेला जी तुमचा दोस्त," एवढेच म्हणून त्यांनी तो ठेवला. त्याला आता महिना होत आला. हेमराज आमच्या गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, मी मराठी. दोन्ही विषय लोकांना फक्त सत्काराच्या वेळी आठवतात.

त्याने तांब्याचे एक संयुग तयार केले होते. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरत. सत्कार झाला. पाहुण्यांनी भाषणात जिल्ह्यातून कर्करोग हद्दपार केला. उत्तरात हेमराज म्हणाला, निरोगी पेशीही मेल्या, माणसापर्यंतचा रस्ता फार लांब आहे. पेपरात हे वाक्य वगळून सगळे छापून आले, हातातल्या, त्या संयुगाच्या हिरव्या कुपीच्या फोटोसह. मग फायली घेऊन माणसे दारात येऊ लागली. तो चहा पाजायचा, फाईल वाचायचा, नागपूरला पाठवायचा. चिचगडचा एक बाप मात्र नागपूरच्या डॉक्टरांनी परत पाठवलेल्या मुलीला घेऊन आला होता. तो संध्याकाळपर्यंत पायरीवरून उठला नाही. "काऊन नाही देत जी, सर? तशीबी मरूनच तं राहिली ते." हेमराज नाहीच म्हणाला. ती दोघे निघाली तेव्हा आपल्या सत्काराची शाल त्याने मुलीच्या अंगावर घातली. कुठल्याही शालीचा एवढा एकच उपयोग मी आजवर पाहिला...

पुढे त्यालाच जठराचा कर्करोग निघाला. नागपूरला सलाइनमधून प्लॅटिनमचे औषध चढायचे. "आमच्या तांब्याचे श्रीमंत भाऊबंद," तो म्हणायचा. श्रीमंतांचेही काही चालेना, तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. मग त्याने मला निरोप धाडला, प्रयोगशाळेतली कुपी घेऊन ये. मी कामठ्याला पोचलो तर सुशीलाताई पाण्याचा ग्लास घेऊन खाटेशी उभ्याच होत्या.

"घे ना बाबू. तूनंच तं बनवला."

"ताई, यानं किडन्या जातील."

"तसाबी मरूनच तं राहिला तू."

त्याने झाकण उघडले. कुपी हातात धरून तो बराच वेळ बसला. घे म्हणावे असे मला फार वाटत होते. शेवटी त्याने झाकण लावले आणि माझ्याकडे बघितले. "त्या पोरीच्या बापाला काय सांगितलं होतं मी? ...ने परत. ओल लागेल." ताईंनी ग्लास माझ्या हातात दिला आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. ते पाणी मी प्यालो. दुसरे काय करणार?

कुपी प्रयोगशाळेत जाड काचेच्या बंद भांड्यात आहे. भांड्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे दाणे असतात. ओल भरली की ते गुलाबी होतात. दर सोमवारी हेमराज ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचा. त्याच्यामागे कुणी हात लावला नव्हता. परवा मी, मराठीचा मास्तर, ते तापवून आलो. हे औषध कुणालाच द्यायचे नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आज पाहिले... कडेचे काही दाणे पुन्हा गुलाबी होऊ लागले आहेत.