उजवीकडचा फूटरेस्ट

आमच्या गल्लीत बू सुमिराहला (बू म्हणजे बाई) मान होता, तो काही तिच्या तेंपेमुळे नव्हे. सोयाबीनचं तेंपे केळीच्या पानात बांधून विकणाऱ्या बाया आमच्या देलांगू गावात ढिगानं आहेत. मान होता तो तिचा नवरा पार्दी रोज पहाटे तिला मोटरसायकलवरून बाजारात सोडायचा म्हणून. आमचे नवरे त्या वेळी घोरत असायचे. बाटिकची घट्ट लुंगी नेसलेली सुमिराह मागे एका अंगाला बसायची, मांडीवर टोपली, दोन्ही पाय डावीकडच्या फूटरेस्टवर. "निघाली राणीची पालखी," बायका म्हणायच्या. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पाठ मात्र जरा ताठ व्हायची.

उजवीकडचा फूटरेस्ट तिला कधी लागलाच नाही. तो वर दुमडलेला, गंजून तसाच अडकलेला. रमजानच्या थोडं आधी गाडी पुसताना तिला तो खाली उघडलेला दिसला. सांध्यात ताजं तेल होतं, रबरावर चिखल.

म्हणजे मागे कुणीतरी दोन्हीकडे पाय टाकून बसत होती. विजार घालणारी. तरुण.

शुक्रवारी पार्दी नमाजाला पायी गेला तेव्हा ती माझ्याकडे पाना मागायला आली. माझा नवरा गाड्या दुरुस्त करतो.

"कशाला हो बू?"

"पोरांच्या बापाची गाडी एकट्यापुरती करायचीय."

आपल्या अंगणात उकिडवी बसून ती दोन्ही फूटरेस्टचे बोल्ट पिळू लागली. मी म्हटलं, "अहो, त्याच्याशी बोला. गाडीशी कसलं भांडता?"

"बोलले तर तो खरं सांगेल," ती म्हणाली. "मग मी काय करू?"

तिचा हिशेब साधा होता. मागे पाय ठेवायला जागा नाही म्हटल्यावर ती दुसरी बसायची नाही. हा ओरडेल, मग शरमेल, आणि बायकोसाठी निदान डावीकडचा तरी परत लावून घेईल.

पार्दी आला. वाकून पाहिलं, रिकाम्या भोकात बोट घातलं.

"कुणी केलं?"

"मी."

तो हसला. "बरं केलंस. तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. आता कुणाला ने-आण करायची कटकट नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच निघून गेला. सुमिराह टोपली पाठीला बांधून चालत गेली. नळावर गल्लीतल्या तुगीनेमनं विचारलंच, "काय बू, पालखीचा भोई पळाला वाटतं?"

"दमला बिचारा," सुमिराह म्हणाली. "तुझ्याकडे असेल तर दे एखादा."

पण आठवडाभरानं तिनं माझ्या नवऱ्याकडून डावीकडचा परत बसवून घेतला. संध्याकाळी पार्दीनं तो काढला आणि तिच्या तेंपेच्या टोपलीत टाकला. "गाडी हलकी झालीय," म्हणाला. "पुन्हा ओझं नको."

ईदच्या सकाळी ती नवा केबाया, लांब बाह्यांचा सणाचा झंपर, घालून दारात उभी राहिली. त्या दिवशी आमच्याकडे नवराबायको जोडीनं थोरांकडे जातात, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराची माफी मागतात. तिची आई नाक्यावरून उजवीकडे वळलं की लागणाऱ्या गावात वाट बघत होती.

पार्दीनं मागच्या सीटवर बिस्किटांचा मोठा डबा ठेवला आणि रबरी पट्ट्यानं घट्ट आवळला.

"आईकडे मी कशी येऊ?" तिनं विचारलं.

"ये की रिक्षानं. मी पुढे होतो."

गाडी गल्लीच्या टोकाला गेली आणि वळली. ती माझ्या ओट्याजवळ आली.

"कुठं वळला गं?"

"दिसलं नाही."

"तुझ्या ओट्यावरून नाका अख्खा दिसतो," ती म्हणाली. "डावीकडे ना?"

तिनं डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं ओठांवरची लाली पुसली आणि आईकडे चालत निघाली.