दातांतला स्क्रूड्रायव्हर

राजुरीतला हा मोटार दुरुस्तीवाला समोरून बोललं तर गोड, पण पाठमोरा असला की हाकेला ओ देत नाही. "लई माज हाय त्याला," हे गावभर मीच पसरवलं. विहिरीची मोटार तपासताना तो स्क्रूड्रायव्हरचं एक टोक तिला टेकवून दुसरं दातांत धरतो. ती मला नुसती खोड वाटायची.

काल त्याच्या मोबाईलवर जुना विलायती सिनेमा चालू होता, एका ऑपेरा गायिकेचा. बाईचा आवाज टिपेला पोचलेला, आणि हा मोबाईलला टेकवलेला स्क्रूड्रायव्हर दातांत धरून, डोळे मिटून बसलेला. मी खांद्याला हात लावला तसा दचकला.

"कान कवाच गेल्यात, राव. दातानं येतं ऐकू."

गावभर पसरवलेला तो 'माज' मला आठवला. त्यानं स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसून माझ्यापुढं धरला. "ऐका तुमीबी."

मी तो दातांत धरला. निदान तेवढा वेळ बोलावं लागलं नाही.