उद्या पगार आला नाही तर

समोरच्या फ्लॅटमधला नवाकोरा सोफा काल जिन्यावरून खाली गेला. केतनभाऊ तो विकत घेणाऱ्यांना सांगत होते, "जपून हं, भिंतीला घासू देऊ नका." त्यांची कंपनी अचानक बंद पडली, आणि घरात पुढच्या महिन्यापुरतंही काही बाजूला ठेवलेलं नव्हतं. त्यांची बायको स्मिता दारात उभी होती. मला म्हणाली, "असं काही होईल, असं कुणाला वाटलं होतं हो?"

मला कीवही आली आणि संतापही. आपण उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतो, पापड-कुरडया वाळवतो, पावसाळ्यासाठी कांदे साठवतो. पण पगार थांबला तर काय, हे मात्र घरात कुणी उच्चारायचंसुद्धा नाही!

घरात आल्या आल्या मी नवऱ्याला विचारलं, "तुझी नोकरी उद्या गेली, तर आपण किती महिने तग धरू?"

त्याने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "तिन्हीसांजेला काय अभद्र बोलतेस? शुभ बोल."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ठेव तो मोबाइल. आज मी अभद्रच बोलणार आहे."