पट्टीखालची दाढी

दाढी न करता आमचे बाबा दारातला पेपरसुद्धा उचलायचे नाहीत. त्यांच्या गालावर माशी बसली की घसरून पडायची. मी थापाड्या, माझं सोडा. अख्ख्या पार्ल्याला विचारा.

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. आतड्याच्या ऑपरेशनसाठी ते अंधेरीच्या एका इस्पितळात होते. सलाईनच्या सुयांनी हातांच्या शिरा सुजल्या, तेव्हा डॉक्टरांनी मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातली आणि वर पट्टी चिकटवली. पाचव्या दिवशी बाबा गालावर हात फिरवून म्हणाले, "भिकारी करून टाकलंत मला. उद्या तुझी आत्या यायचीय."

झालं, आम्ही शूर! भेटीच्या वेळेत नाक्यावरच्या सलूनवाल्याला आत घुसवला. पिशवीत वर मोसंबी, खाली वस्तरा. वॉचमनला म्हटलं, हे दिल्लीचे मोठे सर्जन. त्याने सलाम ठोकला.

"काका, हनुवटी वर. ही पट्टी मध्ये येते यार."

"जरा उचल ना," मीच म्हणालो. "अर्धी दाढी ठेवणार का?"

त्याने कड उचलली, फेस लावला, वस्तरा फिरवला, पट्टी पुन्हा दाबली. बाबांनी आरशात पाहिलं. "झकास!" जन्मात पहिल्यांदा माझ्या एखाद्या कामाला झकास म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप भरला. पलंग असा हलायला लागला की खालच्या मजल्यावर भूकंप वाटला असेल. मी चार घोंगड्यांवरून त्यांच्या पायांवर आडवा पडलो, तरी हलतच होता.

"पट्टीला कोणी हात लावला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. एका वाक्यात, तिखटमीठ न लावता.

"नळीवाटे जंतू रक्तात गेलेत. दाढीमुळेच, असं छातीठोक नाही सांगता येणार. आधीही शिरले असतील."

त्यांनी नळी काढली, इंजेक्शनं बदलली.

"आता मी काय करू?"

"वाट बघा."

पाच दिवस बघितली. ताप उतरेना, पांढरे खुंट मात्र पुन्हा उगवले. शुद्धीत आले की बाबा गाल चाचपायचे. "बोलाव ना रे त्याला." मी खिडकीकडे बघायचो. सहाव्या दिवशी ते गेले.

दहाव्याला माझं डोकं भादरायला तोच आला. मानेशी येऊन वस्तरा थांबला.

"त्या दिवशी माझ्या हातून काही चुकलं नाही ना रे?"

"छे. वय झालं होतं त्यांचं."

"तेच मी बायकोला म्हटलं," तो म्हणाला. "हलू नकोस."