इंदुमतीबाईंकडचे पहिले तीन दिवस

नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या पाळणाघरात नवीन बाई कामाला आली की इंदुमतीबाई तिला खुर्ची देत नाहीत. तिच्या बांगड्या, अंगठ्या, ओढणीची पिन काढून ठेवायला लावतात, नखं बघतात आणि म्हणतात, "आता गुडघ्यांवर हो. सगळी खोली रांगून बघ."

बहुतेक जणी हसतात. इंदुमतीबाई हसत नाहीत. मुलाला टेबल दिसत नाही, टेबलाची खालची बाजू दिसते. लोंबणारी वायर, कपाटाचा टोकदार कोपरा हे रांगणाऱ्यालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. रांगून झालं की तीन दिवस सतरंजीवर नुसतं बसायचं. आपण होऊन कुणाला उचलायचं नाही. मूल जवळ आलं तर घ्यायचं.

नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे त्या अकोल्याहून दिल्लीला आल्या. या पाळणाघरात त्यांना एकोणीस वर्षं झाली. चणीने लहान, आवाज त्याहून लहान. रागावल्या की आणखी हळू बोलतात, म्हणून मुलं ऐकायला जवळ येतात. सतरंजीवरून पहिल्याच दिवशी उठून गेलेल्या बायकांची त्यांना खंत नाही. "जिला बसवत नाही, तिला मुलं सांभाळवत नाहीत," एवढंच म्हणतात.

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी श्रावस्ती आली. बावीस वर्षांची, बुजरी. वडील अंबादास एका मंत्रालयात होते. ते निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि आता घरात कमावणारी हीच. तिला ही नोकरी हवीच होती. पाळणाघराच्या मालकीणबाई रेवती यांना मात्र ती पसंत नव्हती.

"इंदुताई, मला जरा स्मार्ट मुलगी हवी होती. ही तर बोलतच नाही यार!"

"मुलांशी बोलेल."

"गुरुवार संध्याकाळपर्यंत बघते. नाही जमलं तर दुसरी बोलावते."

दोन दिवस गेले. श्रावस्तीकडे एकही मूल फिरकलं नाही. एक मुलगी आली, तिच्या कुर्त्याला नाक पुसून गेली.

"आली की नाही एक तरी?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

पण श्रावस्तीला हसू आलं नाही.

गुरुवारी दुपारी मुलांना निजवायची वेळ झाली. निहाल नावाचा दोन वर्षांचा मुलगा पाळणाघरात येऊन सोळा दिवस झाले होते आणि तो एकदाही झोपला नव्हता. स्वतःचे बूट छातीशी धरून दाराकडे बघत बसायचा. त्या दिवशी तो उठला, श्रावस्तीजवळ गेला आणि बूट तिच्या मांडीवर ठेवले. तिने घाबरून इंदुमतीबाईंकडे पाहिलं.

"त्याच्या शेजारी आडवी हो," बाई हळूच म्हणाल्या. "पण झोपेचं सोंग नको. मुलांना कळतं."

श्रावस्तीने सोंग केलं नाही. दहा मिनिटांत दोघंही गाढ झोपली. तिच्या कुर्त्याची बाही निहालच्या मुठीत होती.

खोलीतल्या कॅमेऱ्यातून पालकांना मोबाइलवर सगळं दिसतं. तासाभराने रेवतीबाई वरच्या ऑफिसातून तरातरा खाली आल्या.

"इंदुताई, हे काय? निहालच्या मम्मीचा फोन होता. म्हणे, आपकी टीचर सो रही है! त्या ऑफिसमधून निघाल्यात, पोचतीलच. ही मुलगी आजच जाणार."

"हळू बोला. तिला मीच आडवं व्हायला सांगितलं. आणि मी इथेच होते, जागी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. म्हणून दिसले नाही. निहालही हिच्या आड झाकला गेला असेल."

"मग तिला झोप लागल्यावर उठवलं का नाही?"

"ती उठली असती तर तो उठला असता."

बोलण्याने श्रावस्तीला जाग आलीच. ती उठली नाही, बाही अजून मुठीत होती. पडल्या पडल्याच तिचे डोळे वाहू लागले. "सॉरी मॅम. दोन रात्री झोपच नाही आली. कुणी माझ्याकडे येईना. वाटलं, आता काढून टाकणार."

रेवतीबाई काही बोलणार तेवढ्यात निहालची आई दारात आली. खांद्याला लॅपटॉप, चेहरा लाल. आत आली आणि मुलाकडे बघून थांबली.

"कितनी देर से सो रहा है?"

"सवा घंटा हो गया," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"मेरे बिना?"

राग कुठे गेला कोण जाणे. ती लॅपटॉपसकट खाली बसली आणि तोंडावर हात धरून रडू लागली. इंदुमतीबाईंनी अशा आया पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सोलह दिन आपकी राह देखी है उसने, बेटा. थक गया था. आज बस थोड़ा आराम कर लिया."

बऱ्याच वेळाने निहालची आई उठली. डोळे पुसून श्रावस्तीला जरबेने म्हणाली, "कल भी तुम ही सुलाना इसे. लेकिन खुद मत सोना!"

"बिल्कुल नहीं, मॅम."

"हे मी सांगायला हवं होतं," रेवतीबाई पुटपुटल्या. "इथे मालकीण कोण, तेच कळत नाही." आणि नेमणुकीचा फॉर्म आणायला वर गेल्या.

इंदुमतीबाईंनी निहालची मूठ अलगद उघडून बाही सोडवली. श्रावस्तीला म्हणाल्या, "उद्या साडेआठला ये. रडणारं मूल आईच्या हातातून कसं घ्यायचं, ते शिकवायचं राहिलंय."