सॉरी म्हणून झालं होतं

मास्तरांना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं की आपल्याला इंग्रजीचा गंध नाही. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी वायर भरण्यात त्यांची तीस वर्षं गेली. कॉइल, लोड, टेस्टिंग हे शब्द त्यांच्या लेखी पान्या-पक्कडीसारखे, हत्यारांतलेच. पण खरी गंमत वर्कशॉपच्या बाहेर होती. जे बोलायला जड जाई, ते मास्तर हळूच इंग्रजीत उरकत. वडील वारले तेव्हा नातेवाइकांना फोन करताना 'गेले' हा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. 'एक्सपायर झाले' मात्र अकरा फोनवर सांगून झालं. बायकोला सत्तावीस वर्षांत 'तू होतीस म्हणून निभावलं' असं एकदाही म्हणाले नाहीत, पण चहाच्या कपागणिक 'थँक्यू' ठरलेलं. गरम भांडं चिमट्याने धरावं तसा हा कारभार. आणि 'सॉरी' तर ते पायात आलेल्या स्टुलालाही म्हणत.

मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आणि हात बापापेक्षा साफ. पंधरा दिवसांपूर्वी पिठाच्या गिरणीची मोटार आली. वायर भरून वार्निश चढवलं, की बल्ब लावलेल्या पेटीत मोटार पुरती वाळू द्यायची, हा नियम मास्तरांनीच तिला शिकवलेला. गिरणीवाला मात्र दारातच ठाण मांडून बसला.

"बाबा, आतून अजून ओली आहे," मुलगी दोनदा म्हणाली. तरीही मास्तरांनी मोटार काढून दिली.

तिसऱ्या दिवशी ती जळून परत आली. गिरणीवाला चार गिऱ्हाइकांसमोर तावातावाने बोलायला लागला, तसे मास्तर म्हणाले, "पोरीच्या हातून काहीतरी राहिलं असेल. सॉरी हं."

मुलीने हातातली पक्कड खाली ठेवली आणि ती घरी गेली. त्यानंतर ती वर्कशॉपकडे फिरकली नाही. एका कंपनीत तिची मुलाखतही ठरली, सोमवारची.

"अहो, तुम्ही बोला ना तिच्याशी," बायको म्हणाली.

"तूच सांग की."

"माझं काय चुकलंय?"

जेवताना मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि ते ताटाकडे बघत म्हणाले, "सॉरी, बरं का."

"इट्स ओके, बाबा," मुलगी म्हणाली आणि भात कालवत राहिली.

उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकांना मास्तर स्वतः हेच 'इट्स ओके' म्हणत आले होते, आणि तेव्हा मनात काय असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरगी त्यांना गिऱ्हाइकासारखं वागवत होती, आणि त्यांनी तरी तिला दुसरं काय दिलं होतं?

शनिवारी ते गिरणीत गेले. डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. पट्ट्याच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून मास्तरांना ओरडून बोलावं लागलं. "मोटार माझ्यामुळे जळाली. पोरगी नको म्हणत होती. मी तिच्यावर ढकललं."

"जाऊ द्या हो मास्तर," गिरणीवाला ओशाळून म्हणाला. रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. मास्तरांचे कान तापले होते.

घरी मुलगी मुलाखतीचे कागद लावत बसली होती. मास्तर उंबऱ्यातच थांबले.

"गिरणीवाल्याला खरं काय ते सांगून आलो. चुकलो मी, बाळा. तुझं नाव पुढे केलं, कारण मला भीती वाटली."

तिने हातातले कागद बाजूला ठेवले.

"मला फार लागलं होतं, बाबा."

"हो."

"मुलाखतीला मी जाणार आहे."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचं कसं हे सुचत नव्हतं.

"जाऊन येते," ती म्हणाली. "त्यांचा पगार बघते. मग ठरवू, तुम्ही मला भागीदार म्हणून घेताय का ते."